जंतू आपलेच, पण दोष आपला नव्हे

माझगाव, ताडवाडी, घोडपदेव, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि त्याच्याही पलीकडून जिथून ऐकत असाल तिथल्या सगळ्या तायांना, काकूंना, मावश्यांना माझा नमस्कार. मी इथल्या महिला बचत गटांचं समन्वयाचं काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेचं खातं, मसाल्याची ऑर्डर यांवर बोलते. आजचा विषय वेगळा आहे आणि जरा अवघडही आहे. घरात पुरुष मंडळी असतील तर आवाज कमी करू नका. त्यांनीही ऐकावं असंच हे आहे.

गटाची बैठक संपते, वह्या मिटतात, आणि काही जणी मागे रेंगाळतात. मनातलं बोलणं तेव्हाच निघतं. आमच्या गटातल्या एका ताईला स्तनाचा कर्करोग झाला होता. स्तन काढावा लागला आणि त्या जागी इम्प्लांट बसवलं गेलं. पुढे ते पिकलं, पू झाला, काढून टाकावं लागलं. तिने मला विचारलं, "ताई, मी स्वच्छ राहिले नाही म्हणून हे झालं का हो?"

आज मी जे बोलणार आहे ते सगळं या प्रश्नाचं उत्तर आहे. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली बाई आहे. पण हा प्रश्न घेऊन मी डॉक्टरांना भेटले, परिचारिकांशी बोलले, वाचलं. उत्तर आधीच सांगून टाकते : नाही, तिच्या अस्वच्छतेमुळे हे झालेलं नाही. का नाही, ते समजलं की आपण काय करायचं तेही समजतं.

आधी थोडं आजाराविषयी. २०२२ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे आणि आपल्यापासून लांब नाही. त्यामुळे आपल्या भागात एखादी तरी शेजारीण, नणंद, मावशी तिथल्या ओपीडीत बसून आलेली असतेच.

गाठ लहान असताना सापडली तर पुष्कळदा गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून स्तन वाचवता येतो. काहींचा मात्र संपूर्ण स्तन काढावा लागतो. मग पुढे तीन वाटा असतात. पहिली, काहीच न करणं, किंवा ब्लाउजच्या आत सिलिकॉनचा नाहीतर कापडाचा कृत्रिम स्तन वापरणं. दुसरी, स्वतःच्याच पाठीचा किंवा पोटाचा भाग घेऊन नवीन स्तन घडवणं. तिसरी म्हणजे इम्प्लांट, सिलिकॉनची पिशवी. ती कधी लगेच बसवतात. कधी आधी एक फुगवता येणारी पिशवी ठेवतात, तिच्यात थोडं थोडं सलाईन भरत कातडी सैल करतात, आणि मग कायमचं इम्प्लांट घालतात. जगातलं पहिलं सिलिकॉनचं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं.

"या वयात हवंय कशाला ते?" असं बोलणारे लोक असतात. ते तिचं तिला ठरवू द्या. एका बाजूचं वजन गेलं की काहींची पाठ, मान दुखते. कुणाला आरशासमोर उभं राहवत नाही. कुणाला काहीच वाटत नाही. तिन्ही वाटा मानाच्याच आहेत. पण इम्प्लांटची वाट धरणाऱ्या बाईला त्यातला धोका आधी माहीत हवा. सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक म्हणजे संसर्ग. फक्त आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घालतात, त्यापेक्षा कर्करोगानंतरच्या इम्प्लांटमध्ये संसर्गाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. कारण इथे आतला सगळा भाग काढल्यामुळे वरची कातडी पातळ होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि त्यात केमो आणि रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'शेक' म्हणतो ते, यांची भर पडते.

आता जंतूंकडे वळू. आपल्या भागात जंतू म्हटलं की शत्रूच डोळ्यांसमोर येतो, आणि त्याला इतिहासही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो इथून जवळच, मांडवीत. जे. जे.च्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन साहेबांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. तो जंतू बाहेरून आलेला होता, उंदरांच्या पिसवांमधून. तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की जंतू बाहेरून येतो, घाणीतून येतो, आणि ज्याला रोग झाला त्याच्या घरी घाण असणार.

पण सगळे जंतू तसे नसतात. शास्त्रज्ञांच्या हिशोबाने एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे आपल्यापेक्षा त्यांचीच संख्या थोडी जास्त. आतड्यात, तोंडात, नाकात, काखेत, कातडीवर, सगळीकडे त्यांची वस्ती आहे. या सगळ्या वस्तीला मिळून 'मायक्रोबायोम' म्हणतात. आपण त्याला अंगावरची जंतूंची वस्ती म्हणू या.

चाळीतले जुने भाडेकरू असतात ना, तसे हे. ते आहेत म्हणून खोल्या रिकाम्या नाहीत, आणि खोल्या रिकाम्या नाहीत म्हणून कुणी परका घुसून बसत नाही. कातडीवरचे चांगले जिवाणू जागा अडवून ठेवतात, त्यामुळे वाईट जंतूंना पाय रोवता येत नाहीत. आंघोळ कितीही केली तरी ही वस्ती जात नाही, आणि जाऊही नये.

पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की स्तनाच्या आतला भाग पूर्ण निर्जंतुक असतो. पण आईच्या दुधातही जिवाणू असतात, आणि दुधाच्या नळ्या बोंडाशी बाहेर उघडतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या संशोधनात स्तनाच्या आतल्या भागातही जिवाणूंच्या खुणा सापडल्या आहेत, अगदी निरोगी बायकांमध्येसुद्धा. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई झोपते तेव्हा ही मंडळी तिच्याबरोबर आलेलीच असतात. कातडी कितीही औषधाने पुसली तरी केसांच्या मुळाशी, घामाच्या ग्रंथींत खोलवर काही उरतातच.

मग एरवी ते त्रास देत नाहीत, आणि इम्प्लांट असलं की का देतात? त्याचं कारण इम्प्लांटमध्येच आहे. आपल्या अंगात कुठे जंतू शिरला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. औषधही रक्तातूनच पोचतं. पण इम्प्लांट ही निर्जीव वस्तू. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावर बसलेल्या जंतूपर्यंत ना शिपाई पोचत, ना औषध नीट पोचत. एरवी शरीराने सहज मारले असते इतके थोडे जंतूही इथे पुरतात.

शिवाय ते तिथे घर बांधतात. पाण्याचं पिंप बरेच दिवस घासलं नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो, तुम्ही पाहिलाय. नुसतं पाणी ओतून तो निघत नाही, घासावाच लागतो. इम्प्लांटवर जंतू अगदी असाच थर धरतात. त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. त्या थराच्या आत बसलेल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा परिणाम फार कमी होतो. आणि इम्प्लांट काही आत हात घालून घासता येत नाही. म्हणून कधी कधी ते काढण्यावाचून इलाज उरत नाही.

हे जंतू कोण? पुष्कळदा स्टॅफिलोकोकस जातीचे. त्यातला एक तुमच्या-माझ्या कातडीवर कायम राहतो. दुसरा, जास्त त्रासदायक, तो साधारण दर दहांतल्या तीन माणसांच्या नाकात गुपचूप बसलेला असतो, त्यांना स्वतःला काहीही न होता. काही वेळा सुडोमोनाससारखे ओलाव्यात वाढणारे जंतूही सापडतात. सगळेच संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या अंगातून येतात असं मी म्हणत नाही. काही दवाखान्यातून, उपकरणांतून, दुसऱ्यांच्या हातांतूनही येतात. म्हणून ड्रेसिंगपूर्वी "सिस्टर, हात धुतलेत ना?" असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. चांगली परिचारिका रागावत नाही.

आता त्या ताईचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते, टाके निघाले होते. एका सकाळी ती बाजू गरम लागली. घरात बोलणं झालं, "नीट धूत नसशील." तिला इतकं लागलं ते, की तिने कुणाला काही दाखवायचंच सोडून दिलं. रोज जंतुनाशक औषध पाणी न घालता त्या जागी चोळायला लागली. कातडी कोरडी पडली, तिला भेगा गेल्या. नवऱ्याच्या दाढदुखीच्या वेळची अँटिबायोटिकची उरलेली अर्धी पट्टी होती, ती तिने घेतली. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा दवाखान्यात गेली. इम्प्लांट काढावं लागलं. पुढची केमो तीन आठवडे लांबली. आज ती ठीक आहे, गटात येते, हिशोब तीच लिहिते.

पहिल्या दिवशी गेली असती तर इम्प्लांट वाचलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते वाचवण्याची संधी डॉक्टरांना मिळाली असती. ते नऊ दिवस जंतूंनी घेतले नाहीत बायांनो, लाजेने घेतले. कर्करोगात तीन आठवडे केमो लांबणं ही छोटी गोष्ट नाही. म्हणून 'तू अस्वच्छ आहेस' हे वाक्य नुसतं दुखावणारं नाही, धोकादायक आहे.

तिने जे केलं, त्यातलं प्रत्येक पाऊल तिला स्वच्छतेचंच वाटत होतं. पण चोळून कातडीला भेगा पडल्या, म्हणजे भिंतीला भोक पडलं. अर्धवट गोळ्यांनी चांगले भाडेकरू मेले आणि चिवट तेवढे उरले. शिवाय अशा गोळ्यांनी ताप तात्पुरता दबतो, आणि नंतर पू तपासून नेमका जंतू शोधणंही अवघड होतं.

आता नवीन संशोधन काय बघतं? ज्यांचं इम्प्लांट पिकलं आणि ज्यांचं नाही, त्यांच्या कातडीवरची आणि आतली जंतूंची वस्ती वेगळी होती का, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत. आधीच ओळखता आलं की अमक्या बाईला धोका जास्त आहे, तर तिच्यासाठी औषध वेगळं निवडता येईल, अशी आशा आहे. पण अशी चाचणी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही. कुणी पैसे घेऊन "तुमचा मायक्रोबायोम तपासतो, संसर्ग होणार का ते सांगतो" म्हणालं तर पर्स बंद ठेवा. तसंच दह्याचं. दही, ताक चांगलंच, खा. पण दही खाऊन किंवा महागड्या प्रोबायोटिक गोळ्या घेऊन इम्प्लांटचा संसर्ग टळतो, असं सिद्ध झालेलं नाही.

मग आपल्या हातात काय आहे? बरंच आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी पहिली गोष्ट साखर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून ती आटोक्यात आणा. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते आणि पांढऱ्या पेशी मंदावतात.

दुसरी गोष्ट मिश्री. इथे मी जरा थांबून बोलते. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" आपण म्हणतो, "नाही." कारण मिश्रीला आपण तंबाखू समजतच नाही, ती दात घासायची वस्तू. मैत्रिणींनो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि स्तनावरच्या त्या पातळ कातडीला आधीच रक्त कमी पोचत असतं. कातडी काळी पडते, टाके उसवतात, जंतूंना दार उघडं मिळतं. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी मिश्री, तपकीर, गुटखा, बिडी सगळं बंद करा, आणि नंतरही हात लावू नका. डॉक्टरांना खरं सांगा. ते ओरडणार नाहीत, तारीख पुढे-मागे करतील.

तिसरी गोष्ट कातडी. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साध्या साबणाने, नाहीतर दवाखान्याने दिलेल्या द्रावणाने आंघोळ करा. काखेतले केस ब्लेडने काढू नका. डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि जंतू तिथेच बसतात. अंगावर कुठे गळू, नायटा, नखात पू, दुखरी दाढ असेल तर आधीच सांगा.

शस्त्रक्रियेनंतर बाजूला ड्रेनची नळी असते, तिला छोटा डबा किंवा फुगा लावलेला असतो. तो रिकामा करण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवा. रोज किती पाणी आलं ते वहीत लिहा. आपल्या गटातल्या बायकांना वही लिहायला कुणी शिकवायला नको. नळी ओढली जाणार नाही अशी कपड्याला अडकवा.

पाण्याचं एक नीट ऐका. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, पण निर्जंतुक नसतं. पाण्यात राहणारे, क्षयरोगाच्या जंतूंचे दूरचे नातेवाईक म्हणता येतील असे काही जंतू असतात. क्लोरीनलाही ते सहजासहजी दाद देत नाहीत. त्यांचा संसर्ग हळूहळू, कित्येक आठवड्यांनी दिसतो. नेहमीच्या गोळ्यांनी जात नाही आणि औषध अनेक महिने घ्यावं लागतं. म्हणून डॉक्टर "आता भिजवा" म्हणेपर्यंत जखम आणि ड्रेनची जागा कोरडी ठेवा. हळद, खोबरेल, अंगारा, कसला पाला, यातलं काहीही जखमेवर नको. हळद भाजीत घाला.

अँटिबायोटिक डॉक्टर जितके दिवस देतील तितकेच दिवस. अर्धवट सोडू नका, आणि भीतीपोटी वाढवूही नका. जास्त दिवस घेतल्याने जास्त संरक्षण मिळतं असं नाही. उलट अंगावरची चांगली वस्ती उठते.

आणि आता खुणा. पुस्तकात लिहितात 'लालसरपणा'. आपली कातडी सावळी, तिच्यावर लाली नेहमी दिसत नाही. आपण पाहायचं ते असं : ती बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का? कातडी ताणलेली, चकाकणारी, जांभळट किंवा नेहमीपेक्षा काळी झाली का? सूज किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का? टाक्यांतून पाणी किंवा पू येतोय का? ड्रेनचं पाणी गढूळ झालं, वास मारू लागला का? ताप, थंडी आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन करा आणि जा. उद्यावर टाकू नका, सोमवारची वाट पाहू नका. टाके निघाले म्हणजे धोका संपला असंही नाही. महिना-दोन महिन्यांनीही हे होऊ शकतं.

संसर्ग झालाच तर? लवकर कळला तर कधी शिरेतून औषध देऊन भागतं, कधी आतून धुऊन इम्प्लांट बदलतात. कधी काढावंच लागतं. काढलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. जखम पूर्ण बरी झाल्यावर, काही महिन्यांनी, पुन्हा बसवता येतं, किंवा स्वतःच्या शरीरातला भाग घेऊन करता येतं, किंवा "आता नको" म्हणता येतं.

खर्चाचं विचाराल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. शस्त्रक्रिया ठरली की त्यांना स्पष्ट विचारा : स्तन काढणं योजनेत बसतं का, पुनर्रचना बसते का, आणि इम्प्लांट पिकलं तर पुढचा खर्च बसतो का? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि घर अडचणीत येतं ते तिथेच. आमच्या गटांना मी सांगते, आजारपणाच्या कर्जाचा अर्ज आला तर त्या बाईला तारखा विचारू नका, आणि दवाखान्यात तिला एकटीला पाठवू नका.

शेवटचं. संसर्ग टाळण्याचा सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे इम्प्लांटची वेळच न येणं. १९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. सुमारे दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. त्यातल्या निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. यंत्र नाही, काही नाही. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हे आपल्याच शहरातल्या, आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या बायकांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा गाठ हाताला लागली, बोंड आत ओढलं गेलं, रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका.

आणि तुमच्या घरात, चाळीत, गटात कुणाचं इम्प्लांट पिकलं, तर "काय केलंस?" असं विचारू नका. "गरम लागतंय का? चल, मी येते बरोबर," एवढं म्हणा.

पुढच्या वेळी पुन्हा आपल्या हप्त्या-व्याजाकडे वळू. तोवर काळजी घ्या, एकमेकींची चौकशी करत राहा. नमस्कार.